आईचे ताट तोडू नका
गरोदरपणातला आहार आणि बाळाच्या अंगावरचे पुरळ

वैशाख पौर्णिमेची सायंकाळची वंदना आटोपली होती. सणसवाडीच्या वस्तीतल्या विहारात बाया खीर वाटत होत्या. कोपऱ्यात एक तरुण आई चार महिन्यांचे लेकरू मांडीवर घेऊन बसली होती. खिरीची वाटी तिच्यापुढे आली, तशी तिच्या सासूबाईंनी ती हाताने मागे सारली.

“तिला नको, ताई. दूध बंद आहे तिचं. पोराचे गाल बघा की.”

आम्ही पाहिले. दोन्ही गाल लाल, खरखरीत. एका गालावर पाणी सुटून खपली धरलेली. कपाळावर तसेच. बाळ सारखे आईच्या पदरावर तोंड घासत होते.

“गरोदरपणी ऐकलं नाही हिनं,” सासूबाई म्हणाल्या. “दाण्याचे लाडू खाल्ले, अंडी खाल्ली. तेच आता पोराच्या अंगावर फुटलंय.”

सून मान खाली घालून ऐकत होती. आम्ही तिला जवळ घेऊन विचारले, “ताई, तू आता जेवतेस काय?” तिने मोजून सांगितले : भाकरी, मुगाचे पातळ वरण, कधी दोडका. दूध, अंडी, मासळी, शेंगदाणे, हरभऱ्याची डाळ, वांगे, सगळे बंद. बाळंतपणाच्या कार्डावर हिमोग्लोबिन ८ लिहिलेले. लोहाच्या गोळ्या उलटी होते म्हणून अर्ध्यातच सोडलेल्या.

त्या दिवशी आजारी दोघे होते. बाळाची कातडी दिसत होती, आईचे रिकामे अंग कोणाला दिसत नव्हते. ही गोष्ट एका घराची नाही. नगर रोडच्या दोन्ही अंगांना कंपन्यांच्या आसऱ्याने राहणाऱ्या आपल्या वस्त्यांत, मराठवाडा-विदर्भातून कामासाठी आलेल्या भाड्याच्या खोल्यांत, आम्ही हेच ऐकत आलो आहोत. बाळाच्या अंगावर काही उठले की पहिला हात आईच्या ताटावर पडतो. म्हणून या वेळी आरोग्याच्या पानावर हाच विषय घेतला आहे.

हा आजार कोणता?

बाळाच्या गालावर, कपाळावर, डोक्यावर, हातापायांच्या बाहेरच्या बाजूला लाल, कोरडे, खाजणारे चट्टे येतात, बरे होतात आणि पुन्हा येतात. याला आपल्याकडे इसब म्हणतात. डॉक्टर एक्झिमा म्हणतात. बहुतेक बाळांना तो पहिल्या वर्षातच, साधारण दोन ते सहा महिन्यांच्या दरम्यान सुरू होतो. मूल मोठे झाले की हेच चट्टे कोपराच्या आणि गुडघ्याच्या घडीत येऊ लागतात. बहुतेक मुलांचा त्रास वयाबरोबर कमी होत जातो.

कातडी ही विटांची भिंत आहे असे समजा. विटांमधला चुना घट्ट असेल तर आतली ओल आत राहते आणि बाहेरची घाण बाहेर. इसब होणाऱ्या बाळांचा हा चुनाच मुळात कच्चा असतो. ओल निघून जाते, कातडी कोरडी पडते, फटीतून साबण, धूळ, जंतू आत शिरतात, आणि अंग खाजू लागते. हा कच्चेपणा पुष्कळदा घराण्यातून येतो. आईला, बापाला किंवा भावंडाला दमा असेल, सारख्या शिंका येत असतील, लहानपणी इसब झाले असेल, तर बाळाला होण्याची शक्यता वाढते. यात कोणाचे पाप नाही, कोणाची नजर नाही, रक्त नासलेले नाही. हा आजार एकाचा दुसऱ्याला लागतही नाही.

मात्र प्रत्येक पुरळ म्हणजे इसब नव्हे. जन्मल्यावर पहिल्या आठवड्यात अंगावर लाल ठिपके उठतात, ते आपोआप जातात. उन्हाळ्यात मानेला, पाठीला बारीक पुटकुळ्या येतात, ते घामोळे. गांधी उठतात, म्हणजे कातडीवर फुगवटे येऊन काही तासांत विरतात, ते पित्त. आणि वस्तीत सर्वांत जास्त फसवणारी असते ती खरूज. रात्री खाज वाढत असेल, बाळाच्या तळहात-तळपायांवर बारीक फोड असतील आणि घरात आणखी कोणी बोटांच्या बेचक्यात खाजवत असेल, तर खरजेचा संशय घ्या. एका खोलीत सहा माणसे झोपत असतील तर सहाही जणांनी एकाच दिवशी औषध लावावे लागते. एकट्या बाळाला लावून खरूज जात नाही. म्हणून पुरळ कोणते आहे हे एकदा डॉक्टरांना दाखवून ठरवावे.

आईने खाल्ले म्हणून झाले का?

सासूबाईंना वाटले त्यात नवल नाही. एके काळी मोठमोठ्या डॉक्टरांनाही असेच वाटत होते. २००० साली अमेरिकेतल्या बालरोगतज्ज्ञांच्या संघटनेने सांगितले होते की ज्या घरात ॲलर्जीचा त्रास आहे, तिथे अंगावर पाजणाऱ्या आईने शेंगदाणे टाळावेत आणि मुलाला तीन वर्षांपर्यंत शेंगदाणा देऊ नये. पुढे पुरावे तपासले तेव्हा अशा पथ्याने ॲलर्जी टळते असे दिसले नाही. २००८ साली त्याच संघटनेने तो सल्ला मागे घेतला. २०१२ साली वेगवेगळ्या देशांतले प्रयोग एकत्र करून पाहिले गेले. गरोदरपणी दूध-अंडी सोडणाऱ्या मातांच्या बाळांना इसब कमी झाले नव्हते. उलट पथ्य पाळणाऱ्या मातांचे वजन थोडे कमीच वाढले होते.

शेंगदाण्याची गोष्ट तर आणखी बोलकी आहे. इस्रायलमधली बाळे पहिल्या वर्षातच शेंगदाण्याचा खाऊ खातात. ब्रिटनमधल्या ज्यू मुलांना तो उशिरा मिळत असे. ब्रिटनमधल्या मुलांत शेंगदाण्याची ॲलर्जी इस्रायलच्या सुमारे दहापट निघाली. मग लंडनमध्ये ६४० बाळांवर प्रयोग झाला. ही सगळी बाळे जास्त इसब किंवा अंड्याची ॲलर्जी असलेली होती. निम्म्यांना चार ते अकरा महिन्यांच्या वयापासून तपासणी करून, डॉक्टरांच्या देखरेखीखाली शेंगदाण्याचे पदार्थ खाऊ घातले, निम्म्यांना पूर्ण बंद ठेवले. २०१५ साली निकाल आला. पाच वर्षांची होईपर्यंत बंद ठेवलेल्यांपैकी शंभरात सुमारे सतरा मुलांना शेंगदाण्याची ॲलर्जी झाली. खाणाऱ्यांत शंभरात सुमारे तीन.

याचे कारण शास्त्रज्ञ असे सांगतात : तोंडावाटे पोटात गेलेले अन्न शरीर ओळखीचे मानते. तेच अन्न फाटलेल्या कातडीतून शिरले तर शरीर त्याला शत्रू समजते. म्हणजे आधी कातडी बिघडते आणि त्या बिघाडातून अन्नाची ॲलर्जी वाढू शकते. आपण मात्र आईच्या घासात कारण शोधत बसतो.

भगवान बुद्धांनी कालामांना सांगितले होते की केवळ परंपरा आहे म्हणून, ग्रंथात आहे म्हणून किंवा गुरू सांगतो म्हणून काही मानू नका, स्वतः पारखून घ्या. डॉक्टरांनी आपला जुना सल्ला पारखून सोडला. आपणही सोडू शकतो.

ताट तोडल्याने काय जाते?

याचे उत्तर आपल्याच जिल्ह्यात आहे. पुण्याच्या केईएम रुग्णालयातील डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९३ साली पुण्याजवळच्या सहा खेड्यांत गरोदर मातांचा अभ्यास सुरू केला. शेतात राबणाऱ्या, कमी वजनाच्या या माता काय खातात हे नोंदवले, मग बाळांची वजने घेतली. बाळांचे सरासरी वजन सुमारे २ किलो ६५० ग्रॅम भरले. ज्या मातांच्या जेवणात हिरव्या पालेभाज्या, फळे आणि दूध जास्त वेळा होते, त्यांची बाळे जन्मतःच मोठी होती. याच मातांपैकी निम्म्याहून जास्त जणींच्या रक्तात बी-१२ हे जीवनसत्त्व कमी आढळले.

बी-१२ पालेभाजीत नसते, भाकरीत नसते, डाळीत नसते. ते असते दुधात, अंड्यात, मासळीत, मटणात. सासूबाईंनी सुनेच्या ताटातून जे जे काढले होते, त्यातच ते होते. रक्त तयार व्हायला, बाळाचा मेंदू आणि नसा घडायला ते लागते. आई अंगावर पाजते तेव्हा तिच्याकडे बी-१२ नसेल तर बाळालाही ते कमी पडते.

२०१९ ते २०२१ मधल्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत देशातल्या निम्म्याहून अधिक, म्हणजे ५२ टक्के गरोदर मातांना रक्तक्षय आढळला. रक्त कमी असलेल्या बाईला बाळंतपणात रक्तस्राव झाला तर तिच्याजवळ शिल्लक काय राहते? जिवावर बेतणारी गोष्ट बाळाच्या गालावरचे पुरळ नसते. ती ही असते.

“जास्त खाल्लं तर बाळ मोठं होईल आणि बाळंतपण अवघड जाईल,” असेही वस्तीत सांगतात. उपाशी आईचे बाळ कमी वजनाचे जन्मते. ते लवकर गारठते, नीट ओढत नाही, आजाराला लवकर बळी पडते.

गरोदर आईच्या ताटात काय असावे?

चौथ्या महिन्यापासून रोजच्यापेक्षा सुमारे ३५० कॅलरी जास्त लागतात. म्हणजे एक जास्तीची भाकरी, वाटीभर घट्ट वरण आणि एक अंडे. यासाठी महागडी पावडर लागत नाही.

ज्वारी-बाजरीची भाकरी, घट्ट डाळ, मटकी किंवा चवळीची उसळ. मेथी, चाकवत, राजगिरा, शेवगा, जी पालेभाजी स्वस्त मिळेल ती. भाजीत दाण्याचे कूट, वरून लिंबू. रोज एक उकडलेले अंडे. आठवड्यातून जमेल तेव्हा मासळी, मटण. सुकट आणि बोंबील स्वस्त आहेत आणि कसाला चांगले आहेत, फक्त खारट असतील तर धुऊन घ्यावेत. पेरू, केळी, पिकलेली पपई चालते. कच्ची पपई मात्र टाळावी.

काही घरांत आता अंडी-मासळीची लाज वाटू लागली आहे. बाबासाहेबांनी १९२७ साली महाडला मेलेल्या ढोराचे मांस सोडायला सांगितले, ते माणुसकीच्या स्वाभिमानासाठी. आपल्या ताटातले ताजे, सकस अन्न सोडायला त्यांनी सांगितले नव्हते. ज्यांना मांसाहार नको त्यांनी दूध, दही, ताक रोज घ्यावे आणि बी-१२ बद्दल डॉक्टरांना विचारावे.

लोहाची गोळी चौथ्या महिन्यापासून रोज एक, १८० दिवस, आणि बाळंतपणानंतर पुन्हा १८० दिवस. ती सरकारी दवाखान्यात फुकट मिळते. उलटी होत असेल तर रात्री जेवल्यावर घ्या. चहाबरोबर घेऊ नका, कॅल्शियमच्या गोळीबरोबरही घेऊ नका. शौच काळी होते, त्याला घाबरू नका. तरीही त्रास झाला तर आशाताईंना सांगा. गोळी गुपचूप बंद करू नका.

खरोखर सोडायचे असेल तर मिशरी सोडा. मिशरी म्हणजे भाजलेली तंबाखूच. तिने बाळाचे वजन घटते. बापाने खोलीत विडी-सिगारेट ओढू नये. दारू, कच्चे अंडे, अर्धकच्चे मटण आणि न उकळलेले दूध टाळावे. एवढेच पथ्य.

बाळाच्या कातडीची निगा

इसबाचे अर्धे औषध घरातच आहे.

रोज कोमट पाण्याने पाच-दहा मिनिटांत अंघोळ उरकावी. कढत पाणी नको. बोअरचे पाणी जड असते, साबणाचा फेस होत नाही आणि कातडी आणखी कोरडी पडते, म्हणून साबण अगदी कमी, सौम्य आणि बिनवासाचा घ्यावा. डाळीचे पीठ आणि साय लावून अंग घासणे बंद करावे. कच्च्या भिंतीवर घासकागद फिरवावा तसे ते आहे. अंग पुसताना टिपून घ्यावे आणि कातडी ओलसर असतानाच खोबरेल तेल किंवा साधे बिनवासाचे व्हॅसलीन लावावे. दिवसातून दोन-तीन वेळा. मोहरीचे किंवा शेंगदाण्याचे तेल इसबाच्या कातडीला लावू नये. मालिश करणाऱ्या आजीने आधी हात धुवावेत.

सुती, सैल कपडे घालावेत. ते धुताना साबण पूर्ण निघेपर्यंत खळबळावेत. बाप कंपनीतून आला की अंगावरचे तेलकट, धुळीचे कपडे बदलून, हात धुऊनच बाळाला घ्यावे. ते कपडे बाळाच्या कपड्यांत भिजवू नयेत. बाळाची नखे कापलेली ठेवावीत. पावडर नको. बाळंतिणीच्या खोलीत ओवा-धुपाची धुरी नको, तिने बाळाचा श्वास आणि कातडी दोन्ही बिघडतात. बिब्बा, डाग, राख, शेण, झाडपाल्याचा लेप यांतले काहीही बाळाच्या अंगाला लागता कामा नये. बिब्ब्याने कातडी भाजते.

आणि मेडिकलमधून मागून आणलेली ट्यूब लावू नका. खाजेसाठी सर्रास मिळणाऱ्या मिश्र मलमांत जहाल स्टेरॉइड असते. दोन दिवसांत गाल गोरा दिसतो, महिनाभर लावले तर कातडी पातळ होते आणि आजार उलटतो. २०१८ साली सरकारने अशी अनेक मलमे चिठ्ठीशिवाय विकायला बंदी घातली, ती याचसाठी. डॉक्टर कधी कधी सौम्य स्टेरॉइड मलम देतात. ते सांगितले तितके दिवस, सांगितले तितकेच लावले तर घाबरण्यासारखे काही नाही.

सहा महिन्यांनंतर

सहा महिने फक्त आईचे दूध. इसब आहे म्हणून अंगावरचे तोडू नये. त्यानंतर मऊ भात-वरण, खिचडी, नाचणीची खीर सुरू करावी आणि अंडे व शेंगदाणा वर्षभर लांबवू नये. पूर्ण शिजलेले अंडे आधी चमच्याच्या टोकाएवढे. दाण्याचे अगदी बारीक कूट खिचडीत कालवून. अख्खा दाणा कधीच देऊ नये, तो घशात अडकतो. नवा पदार्थ सकाळी द्यावा, एका वेळी एकच, म्हणजे काय सोसले नाही ते कळते. ज्या बाळाला खूप जास्त इसब आहे, त्याला शेंगदाणा आणि अंडे सुरू करण्याआधी डॉक्टरांना विचारावे.

काही थोड्या बाळांना दुधाची खरी ॲलर्जी असते. शौचातून रक्त, सारख्या उलट्या, वजन न वाढणे ही तिची लक्षणे. तेव्हा डॉक्टर आईला काही आठवडे दूध सोडायला सांगतात, फरक पाहतात, पुन्हा देऊन खात्री करतात आणि आईला कॅल्शियम देतात. ही परीक्षा डॉक्टरांच्या देखरेखीखाली होते. शेजारणीच्या सांगण्यावरून करायची नसते.

दवाखान्यात कधी न्यावे?

• चट्ट्यातून पू येतो, पिवळी खपली धरते, फोड पसरतात
• ताप येतो, बाळ दूध ओढत नाही, सुस्त पडते
• खाजेमुळे बाळ आणि आई दोघेही रात्रभर झोपत नाहीत
• नवा पदार्थ खाल्ल्यावर ओठ-चेहरा सुजतो, धाप लागते, उलट्यांवर उलट्या होतात, बाळ ढिले पडते : एक मिनिटही न घालवता १०८ ला फोन

आधी प्राथमिक आरोग्य केंद्र. तिथून गरज पडली तर पुण्याच्या ससून रुग्णालयात त्वचारोग विभाग आहे. ज्यांच्या पगारातून ईएसआयची कपात होते, त्यांच्या बायको-मुलांवरही ईएसआयमधून उपचार होतात, हे पुष्कळ ठेकेदारी कामगारांना माहीत नसते. कार्ड काढून घ्या. कामावर जाणाऱ्या भगिनीला, अटी पूर्ण असतील तर, पहिल्या दोन बाळंतपणांना २६ आठवड्यांची पगारी रजा मिळते. १९२८ साली मुंबई विधिमंडळात गिरणीतल्या बायांच्या प्रसूती रजेच्या विधेयकाच्या बाजूने बाबासाहेब उभे राहिले होते आणि १९२९ साली तो कायदा झाला. ही रजा कोणाची मेहरबानी नाही.

दर महिन्याच्या ९ तारखेला सरकारी दवाखान्यात गरोदर मातांची मोफत तपासणी असते. अंगणवाडीतून गरोदर आणि अंगावर पाजणाऱ्या मातांना घरी न्यायचा आहार मिळतो. प्रधानमंत्री मातृवंदना योजनेत पहिल्या बाळासाठी ५,००० रुपये आणि दुसरी मुलगी झाली तर ६,००० रुपये मिळतात. गाव बीडचे असो की नांदेडचे, आज राहता तिथल्या अंगणवाडीत नाव नोंदवा. बाळंतपणाला माहेरी जाताना कार्ड बरोबर न्या.

त्या पौर्णिमेनंतर आम्ही सासूबाईंना घेऊन सूनबाई आणि बाळासह आरोग्य केंद्रात गेलो. डॉक्टरांनी बाळाला सौम्य मलम दिले, आईला लोहाच्या गोळ्या पुन्हा सुरू केल्या आणि सासूबाईंना समोर बसवून समजावले. पुढच्या पौर्णिमेला बाळाचे गाल पूर्ण बरे नव्हते, पण पाणी सुटणे थांबले होते. आईने सांगितले की ते रात्री झोपते. “आता अंडं मीच उकडते हिला,” सासूबाई म्हणाल्या. “माझ्या वेळी मलाबी कोणी दिलं नव्हतं, ताई. मला वाटलं असंच असतंय.”

सुजाताने दिलेली दुधाची खीर घेऊन सिद्धार्थ गौतमाने उपासमारीचा मार्ग सोडला, हे आपण प्रत्येक वैशाख पौर्णिमेला सांगतो. शरीर झिजवून ज्ञान मिळत नाही, हे त्यांनी स्वतः अनुभवून ओळखले. मग आपल्याच विहारात एका लेकुरवाळ्या आईपुढून खिरीची वाटी परत का जावी? पुढच्या पौर्णिमेला आपल्या वस्तीत कोणाची वाटी मागे सारली जाते ते बघा, आणि ती पुन्हा तिच्या हातात द्या.

जय भीम.